पिंपळदऱ्याची पॅसेंजर

नाना बोरस्त्यांच्या दाराची बेल वाजवली की दार उघडत नाही. आतून आवाज येतो, "आउटरला थांबा!" मग आपण चपला काढायच्या आणि जिन्यातल्या कोरफडीकडे बघत उभं राहायचं. आत काहीतरी खडखडतं, बारीक शिट्टी होते, आणि मग दार किलकिलं करून नाना विचारतात, "कोण? कुठून आलात?" मी समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो. मलाही ते हेच विचारतात.

यात त्यांचा तसा दोष नाही. त्यांच्या हॉलमध्ये रेल्वे आहे आणि तिचा रूळ थेट दारासमोरून जातो. दार उघडायचं तर रुळाची फळी बिजागरीवर वर उचलावी लागते, आणि फळी उचलायची तर गाडी आधी मनमाडला नेऊन उभी करावी लागते. भाजीवाला, कुरिअरवाला, गॅसवाला, सगळे आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, थांबतात. आमच्या सोसायटीचे चेअरमन एकदा चिडून म्हणाले, "नाना, उद्या आग लागली तर काय कराल?"

"आगीची गाडी वेळापत्रकात नाही," नाना म्हणाले.

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल की नाना रेल्वेतून निवृत्त झाले असतील. छे! उभा जन्म पाटबंधारे खात्यात गेला. निफाडकडच्या पाटांना पाणी सोडायचं आणि बंद करायचं, हे त्यांचं काम. "पाणी काय अन् गाडी काय, वेळेवर सोडायची. मधे कोणी अडवली नाही म्हणजे झालं," असं त्यांचं तत्त्वज्ञान. निवृत्त झाल्यावर लोक चारधामला जातात, मुलाकडे परदेशी जातात. नाना प्लायवूड आणायला गेले.

ते प्लायवूड हॉलभर पसरलं. सोफा मेहुण्याकडे गेला, जेवणाचं टेबल प्लायवूडच्या खाली गेलं, आणि बेडरूममध्ये जायचं तर तुम्हालाही प्लायवूडच्या खाली जावं लागतं. वहिनी म्हणजे नानांच्या पत्नी, बाई मोठ्या सोशिक, पण तोंडाने नव्हे. "सगळ्यांचे गुडघे या वयात आराम करतात. मी या वयात रांगायला शिकले," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात आणि सांगता सांगता चहा घेऊन रांगत बाहेर येतात.

पण खरं सांगतो, एकदा आत गेलं की माणूस हरखतो. एका टोकाला मनमाड, दुसऱ्या टोकाला नाशिकरोड, आणि मधे सगळा जुना मुलूख. भांडी घासायच्या घासणीला हिरवा रंग देऊन केलेली बाभळीची झाडं, रद्दी आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचे डोंगर, उसाचे फड, त्यातून जाणारा पाट. मी एकदा म्हणालो, "नाना, निफाडकडे आणि द्राक्षबाग नाही?" ते दुखावले. "त्या काळी इतक्या नव्हत्या. तुम्हाला आजचं बघायचं असेल तर बसमध्ये बसा." नानांच्या रुळांवर अजून कोळशाचं इंजिन धावतं. परदेशी बनावटीचं खेळण्यातलं इंजिन आणून त्यांनी त्याला काळा रंग फासला आणि देशी करून टाकलं. डब्यांत लाकडी बाकं आहेत. खिडक्यांना गज आहेत. बघता बघता मलाच कोळशाचा वास यायला लागतो आणि डोळ्यांत कण गेल्यासारखं होतं.

रेल्वे जुनी असली तरी कारभार एकदम डिजिटल. नानांनी मला तो इतक्यांदा समजावून सांगितलाय की आता मी परीक्षेला बसू शकेन. रुळांतून वीज सगळ्यांना सारखीच जाते. पण प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते आणि तिला एक नंबर असतो. हातातल्या रिमोटवर तो नंबर दाबला की तेवढंच इंजिन हलतं, बाकीची गप्प उभी राहतात. कारखान्यातून येताना मात्र प्रत्येक इंजिनाला तीन हाच नंबर असतो. घरी आणल्यावर तो बदलायचा. नाना त्याला 'बारसं' म्हणतात, आणि नुसतं म्हणत नाहीत. दर नव्या इंजिनाला वहिनींना घुगऱ्या कराव्या लागतात. पहिल्या बारशाच्या घुगऱ्या आमच्याकडे आल्या तेव्हा माझी बायको हातातलं काम टाकून धावत विचारायला गेली होती, "अहो, बोरस्त्यांकडे कोणाला काय झालं?"

प्लायवूडच्या खाली मात्र बघू नये. तिथे लाल आणि काळ्या वायरींचं जंगल आहे. नाना पाठीवर झोपून, कपाळाला बॅटरी बांधून, हातात वायरी जोडायची सोल्डरिंग गन घेऊन तिथे तासन् तास असतात. फक्त पाय बाहेर दिसतात. लाल वायर चुकून काळ्याला भेटली की सगळी रेल्वे बंद पडते. मग पायांकडून आवाज येतो, "गार्डसाहेब, काय झालं बघा!" गार्डसाहेब म्हणजे मी. ही बढती मी मागितली नव्हती.

तर अशी ही रेल्वे, आणि तिला एकच मुदत होती. भाऊबीज. आक्का, म्हणजे नानांची थोरली बहीण, सटाण्याकडे एका खेड्यात असते. रेल्वे पुरी झाली की तिला दाखवायची, असं नाना दरवर्षी ठरवत. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर काहीतरी जळे, आणि नाना बस धरून एकटेच ओवाळून घ्यायला जात आणि परत येत. यंदा मात्र आक्कांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. एका डोळ्याचं दिसणं गेलंच होतं. दुसऱ्याचं किती दिवस राहील हे डॉक्टरही सांगत नव्हते. नानांनी फोन करून सांगितलं, की या वर्षी तू ये.

"वश्या, भाऊबीजेला भाऊ येतो बहिणीकडं. उलटं कुठं आस्तं का?" फोनमधला आवाज माझ्या घरापर्यंत आला.

"आगं, मी यील. पण रेल्वे कशी आणू उचलून?"

त्यानंतर नानांचे पाय प्लायवूडखालून बाहेर आले नाहीत. राहिलं होतं ते एकच स्टेशन, पिंपळदरा हॉल्ट. बाकी सगळी स्टेशनं झाली, पण हे काही त्यांच्या मनासारखं होईना. शेड मोडून परत केली. कडुनिंब तीनदा उपटला. सिग्नलची एक तार बदलायला सगळी वायरिंग उसवली. मी वैतागून वहिनींना म्हणालो, "अहो, एवढंसं स्टेशन! कोणाला कळणार आहे?"

वहिनी चकल्या पाडत होत्या. सोऱ्या फिरवायचा थांबवून म्हणाल्या, "त्यांचं गाव आहे ते. आक्कांचा डावा पाय लहानपणापासून अधू, माहितीय ना? मास्तरणीच्या ट्रेनिंगला नाशिकला मुलाखत होती. सोबत म्हणून हे, लहान होते. गाडी आली. प्लॅटफॉर्म नाहीच तिथे, खालून तीन पायऱ्या चढायच्या. हे जागा धरायला पळत पुढे गेले, बाकावर रुमाल टाकला आणि खिडकीतून बघतात तर गाडी सुटलेली, आणि आक्का खाली पिशवी धरून उभ्या." त्यांनी पुन्हा सोऱ्या हातात घेतला. "मुलाखत गेली. पुढच्या वर्षी लग्न झालं. त्या कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. हे मात्र अजून त्या रुमालावर बसलेत."

मी चकली न खाताच घरी आलो.

भाऊबीजेला नाना सकाळपासून फळी वर उचलून दारात उभे. आक्का जीपमधून उतरल्या, सोबत कांद्यांचं पोतं. बाई चांगली दणकट. मार्केट यार्डात स्वतः उभ्या राहून कांदा विकतात आणि व्यापारी म्हणे त्यांना बघून गाळ्यात शिरतात. आत आल्या, चष्मा पुसला, प्लायवूडवर वाकल्या आणि नाकाने डोंगर हुंगावा इतक्या जवळून सगळं बघितलं.

"हे काय घरात रान मांडलंय रे?" मग बोट पुढे आलं. "लिंब उजव्या अंगाला व्हता. अन् मास्तरचा माठ सावलीत राह्यचा."

ज्या कडुनिंबाला मी हात लावला तर मला गार्डच्या नोकरीवरून काढतील, तो नानांनी मुकाट्याने उपटून उजवीकडे लावला.

ओवाळणं झालं. नानांना ओवाळून आक्का थांबल्या नाहीत. "नवी गाडी हाय, तिला नको का?" म्हणून त्यांनी इंजिनावरूनही तबक फिरवलं, अक्षता टाकल्या, आणि तबकातली सोन्याची अंगठी घरंगळून दोन रुळांच्या मधोमध आडवी पडली. टिंग! सगळे सिग्नल विझले. रुळांना वीज पुरवणाऱ्या पेटीतून पीं पीं सुरू झालं. सोन्यातून वीज किती छान जाते हे मी त्या दिवशी बघितलं. नानांचा चेहरा पांढरा पडला. आता ओरडतील म्हणून वहिनी तबक घेऊन मागे सरकल्या. नाना ओरडले नाहीत. चिमट्याने अंगठी उचलली, रुळांतल्या अक्षता एकेक करून वेचल्या, पेटी बंद करून पुन्हा सुरू केली. दिवे लागले तेव्हा आम्ही सगळ्यांनीच श्वास सोडला.

मग मनमाडहून पॅसेंजर निघाली. धूर नव्हता, पण आवाज अगदी तोच. उसातून आली, पाटावरून आली आणि पिंपळदऱ्याला हळूच थांबली. नानांनी लाकडी ठोकळ्यावर बसवलेलं एक साधं बेलचं बटण आक्कांच्या मांडीवर ठेवलं. माझ्याशी पुस्तकी बोलणारे नाना एकदम गावाकडचं बोलायला लागले.

"आक्का, तू हे दाबशील तव्हाच गाडी सुटंल. तोवर ती हालायची नाय."

आक्कांनी बटणाकडे बघितलं, नानांकडे बघितलं, पण बटण दाबलं नाही. वहिनींना चहा टाकायला सांगितला. माझ्या मुलांची चौकशी केली. कांद्याचा भाव सांगितला. पॅसेंजर उभीच. तिच्या मागे मालगाडी अडकली, मालगाडीच्या मागे मेल. सगळ्या मुलखात लाल दिवे लागले. अर्ध्या मिनिटाच्या उशिरावरून माझ्याशी दिवसभर अबोला धरणाऱ्या माणसाचं वेळापत्रक डोळ्यांदेखत धुळीला मिळत होतं, आणि आक्का बशीत चहा ओतून फुंकर मारत होत्या. एक हात मात्र त्या बटणावर होता.

शेवटी मीच हळूच म्हणालो, "नाना, गाडी खोळंबलीय."

नानांनी घड्याळ काढून खिशात टाकलं.

"खोळंबू द्या, गार्डसाहेब," ते म्हणाले. "तिला चढायला वेळ लागतो."