दिलावरचाचांची ट्रायल

वडूजच्या दिलावरचाचांकडे तुम्ही कापड शिवायला टाका नाहीतर लिहिलेली गोष्ट दाखवायला न्या, प्रश्न एकच यायचा, "ट्रायल कवा?"

चाचा धंद्याने टेलर. लिहिण्याचा नाद त्यांना कुठून लागला देव जाणे, पण गावात कुणाला नाव छापून आणायची हौस आली की तो त्यांच्या मशीनसमोर येऊन बसायचा. मीही त्यातलीच. चाचा पान आधी उजेडात धरायचे. "कापड झ्याक हाय. पर झालर लय लावलीस गं. काढ ती."

नियम मात्र अजब. गोष्ट ज्याच्यावर लिहिली, त्याला वाचून दाखवल्याशिवाय पाकिटात घालायची नाही. अंगाला लावून बघितल्याशिवाय कपडा देतात का?

कॉलेजात असताना मी माझ्या भांडखोर आत्यावर गोष्ट लिहिली. चाचांनी थेट आत्यालाच दुकानात बोलावलं! माझी पाचावर धारण बसली. आत्याने सगळं ऐकून घेतलं नि पदर खोचला. "मी भांडती ते लिवलंस. का भांडती, ते कुटं हाय?"

चाचा खूश. "बघ, काखंत रुतली. उसव!"

तीनदा उसवली. शेवटी ती दिवाळी अंकात छापून आली आणि आत्याने तो अंक गल्लीभर मिरवला.

शेजारच्या स्टुलावर चाचांची बायको, झैनबचाची, शर्टांची काजं करत बसलेली असायची. तिला वाचता येत नव्हतं. पण ऐकताना तिची सुई थांबली की चाचा म्हणायचे, "पाठव." नाही थांबली तर गोष्ट परत घरी. संपादकापेक्षा मला त्या सुईचीच धास्ती.

चाची जाऊन बरीच वर्षं झाली. मीही नोकरीसाठी कुपवाडला आले. यंदा सुट्टीत दुकानात डोकावले, तर न नेलेल्या कपड्यांत एका हँगरला पानं टाचलेली. वर लिहिलेलं, 'झैनब'. चाचांचं स्वतःचं एक अक्षर आजवर कुठे छापलेलं नव्हतं.

"चाचा, मोबाईलवर फोटो काढून आत्ता पाठवते."

"न्हाई गं. ट्रायल कुटं झालीय?" चाचा टेप गुंडाळत राहिले. "दर शुक्रवारी कब्रस्तानात वाचून येतो. पर तिची सुई थांबली का न्हाई, कसं कळायचं?"

मी चाचीच्या स्टुलावर बसले, अर्धवट राहिलेला एक शर्ट ओढला, सुईत दोरा ओवला. "वाचा."

चाचा वाचू लागले. मी काज करत होते. दुसऱ्या पानावर आलं, "गावाची बटणं लावली तिनं. तिच्या झंपराचं एक बटण तुटल्यालं, ते मला ती गेल्यावर दिसलं."

पुढचं मला शिवता येईना.

चाचांनी चष्म्यावरून माझ्या हाताकडे बघितलं.

"काज लय वाकडं केलंस," ते म्हणाले. मग हळूच, "पाठव."