गाडीघरात कोंडलेला धूर

भूपेंद्र नारखेडेच्या व्हिजिटिंग कार्डावर असं छापलेलं होतं : 'खानदेशातील अग्रगण्य, अचूक व एकमेव खाजगी गुप्तहेर. तापीच्या डोहासारखा खोल, केळीच्या बुंध्यासारखा थंड आणि ससाण्यासारखा...' इथे जागा संपली होती. म्हणून मागल्या बाजूला 'तीक्ष्ण' एवढा एकच शब्द होता, आणि त्याखाली बारीक अक्षरांत : 'झेरॉक्स व लॅमिनेशन करून मिळेल.'

जळगावात त्याचं दुकान झेरॉक्सवर चालायचं आणि मन लॅमिनेशनवर. ज्या कागदावर प्लास्टिक चढलं तो कागद अमर झाला, अशी त्याची श्रद्धा. आपल्या तपासाच्या भिंगावरही ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने प्लास्टिक चढवून घेतलं होतं. तेव्हापासून त्या भिंगातून सगळं जग जरासं धुकट दिसे. भूपेंद्र त्याला 'गूढ' म्हणायचा.

त्याची बायको मयुरी ही त्याची सहायक. तिला या पदावर कोणी नेमलं नव्हतं. पण गुप्तहेराने वाटेत निरीक्षण करायचं असतं, म्हणून स्कूटी तिने चालवायची. निष्कर्ष त्याने काढायचे, आणि निष्कर्ष काढताना जे सांडेल ते तिने पुसायचं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, हात पुसण्याला सरावला होता.

मंगळवारी सकाळी असोद्याहून तिच्या मावशीचा, बेबाबाईंचा फोन आला.

"मयुरे, जावईबापूंले घेऊन ये वं. धूर जाऊन नही राह्यला."

"कुठून, मावशी?"

"नव्या गाडीतून."

"गाडी पेटली?"

"पेटली नही वं बाई! मी भाजी करत होती."

त्याचं असं होतं. बेबाबाईंनी बासष्ट वर्षांत समुद्र पाहिलेला नव्हता. गावातल्या बाया जाऊन आल्या, शंख-शिंपले आणले, फोटो दाखवले. बेबाबाई फोटोतल्या पाण्यावरून बोट फिरवायच्या आणि बोट ओलं झालंय का ते बघायच्या. अडचण एकच, त्यांचे यजमान पितांबरनाना. नानांच्या पोटाला बायकोच्या हातची फोडणी सोडून दुसरं काही मानवायचं नाही. हॉटेलची भाजी नुसती पाहिली तरी ते उचकी देत. एकदा दोघं समुद्र बघायला निघाले होते. पारोळ्यापर्यंत गेले, नानांना भूक लागली आणि परत आले.

शेवटी नानांनीच तोड काढली. केळीच्या बागेत उभं राहून त्यांनी धुळ्याच्या एका कारखानदाराला फोन लावला आणि जीपच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर बनवून घेतलं. आत दोन पलंग, बादलीएवढं न्हाणीघर आणि स्वयंपाकाचा ओटा. ओट्यावर दोन बर्नरची शेगडी, शेगडीवर चकचकीत चिमणी. चिमणीने धूर ओढायचा आणि भिंतीतल्या भोकातून बाहेर सोडायचा. गुरुवारी सकाळी कोकणात निघायचं ठरलं.

रविवारी बेबाबाईंनी त्यात पहिली फोडणी दिली. चिमणी घोंघावत राहिली आणि धूर जिथल्या तिथे राहिला. नाना खिडकीतून बाहेर आले. दार शेजारीच होतं, पण ते दिसत नव्हतं.

"गुरुवारी धुयाच्या कारखान्याचा मानूस बोलावला," नानांनी जाहीर केलं. "गाडी परत. चिमणी नही त सैपाक नही, सैपाक नही त जानं नही."

बेबाबाईंचं फोटोतलं पाणी पुन्हा फोटोत गेलं.

फोन आला त्याच मंगळवारी दुपारी भूपेंद्र गाडीघरात शिरला आणि दारातच थबकला. गाद्या प्लास्टिकमध्ये होत्या. टेबल प्लास्टिकमध्ये. खिडक्यांच्या काचा, नळ, दिव्यांची बटणं, सगळं आलं तसं प्लास्टिकमध्ये. नाना पलंगावर बसले तेव्हा पलंग चुरचुरला.

"आठ दिवस झाले, एक ओरखडा नही," नाना म्हणाले.

भूपेंद्रने टेबलावरून अलगद हात फिरवला. "नाना, वस्तूची अशी कदर करणारा माणूस मी आज पाहिला."

"अहो, चिमणी," मयुरीने आठवण करून दिली.

त्याने भिंग काढून चिमणीची जाळी बारकाईने पाहिली. भिंगातून ती धुकट दिसली. भिंग बाजूला करून पाहिली, तरी धुकटच दिसली. "म्हणजे भिंगाचा दोष नाही," त्याने वहीत लिहिलं. मग बटण दाबलं. चिमणी घों करून ओरडली. त्याने पेपराचं पान जाळीला लावून हात सोडला. पान चिकटायचं सोडून सरळ शेगडीवर पडलं. तो बाहेर गेला आणि भोकापाशी हात धरला. हवेची झुळूकसुद्धा नव्हती.

"मयुरी, लिही. हवा आत शिरत नाही. म्हणून बाहेर पडत नाही. कोणीतरी तिला वाटेत अडवतंय. प्रश्न एवढाच उरतो की कोण!"

मयुरीला वाटलं, हा माणूस उत्तराच्या दारात उभा राहून बेल शोधतोय. पण उत्तर काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं. आणि शिवाय तो या घरचा जावई होता. जावयाला चूक आहेस म्हणायची असोद्यात रीत नाही, त्याला फक्त वाढायची रीत आहे. प्रत्येक निष्कर्षाला बेबाबाई एक वाटी शेवभाजी पुढे करत. ही भाजी घरातल्या चुलीवरची होती. भूपेंद्रने त्या दिवशी चार निष्कर्ष काढले.

पहिला निष्कर्ष पाखराचा. "नळीत घरटं आहे. चिमणीत चिमणी!" स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन त्याने केळीला टेकू द्यायची लांब काठी मागवली आणि बाहेरच्या भोकातून खुपसली. आतून ठण्ण आवाज आला. पीस नाही, काडी नाही.

"संशयित फरार," भूपेंद्र म्हणाला.

दुसरा निष्कर्ष दिशेचा. "नाना, स्वयंपाकघर आग्नेयेला हवं. तुमची शेगडी वायव्येला बघतेय." झालं. ट्रॅक्टर आला, गाडीघर फिरवलं, शेगडी आग्नेयेला आली. पण आता जीप जोडायची बाजू गोठ्याच्या भिंतीत गेली होती.

"आन रस्त्याले वयन आलं म्हंजे?" नानांनी विचारलं. "गाडी वयली का आग्नेय न्हानीघरात जाईन ना!"

"तेव्हा न्हाणीघरात स्वयंपाक करायचा," भूपेंद्र म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. ट्रॅक्टर पुन्हा आला. गोठ्यातली म्हैस हे येणं-जाणं रवंथ करत बघत होती. साऱ्या तपासात तोंड चालवून जिच्या हाती काही लागलं अशी ती एकटीच.

तिसरा निष्कर्ष जरा नाजूक होता. त्याने बेबाबाईंना खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"मावशी, फोडणीत मिरच्या किती?"

"बारा."

"परवा किती होत्या?"

"बारा."

"आणि लग्न झालं तेव्हा?"

"तवा सासूबाई होत्या. सोया." मयुरीने वहीत 'सोळा' लिहिलं.

"यंत्राचा दोष नाही," भूपेंद्र मयुरीच्या कानाशी वाकला. "यंत्र घाबरलंय." मग मोठ्याने म्हणाला, "काही दिवस भाजीला फोडणीच दिली नाही तर?"

नानांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"जावईबापू, तुमी पाहुने हा म्हनून ऐकून घेतलं," ते म्हणाले.

चौथा निष्कर्ष भूपेंद्रने अंगणात उभं राहून, धुळ्याच्या दिशेला बोट दाखवून काढला. "कट! पंखा मुद्दाम उलटा बसवलाय. धुळ्याने जळगाव जिल्ह्याच्या डोळ्यांत धूर फेकलाय." त्याने कारखान्याच्या मिस्त्रीला, रुपचंदला, फोन लावला आणि आवाज बदलून विचारलं, "खरं सांगा, तुम्हाला कोणी पाठवलं?"

"माले कोठे धाडेल शे?" रुपचंद म्हणाला. "मी आठेच शे, धुळामा. गाडी बठ्ठी बराबर शे, भाऊ. पंखा मी सोता चालू करी दखाडेल शे. संगे पुस्तक देल शे, ते वाचा ना."

"पुस्तक कुठंय, नाना?"

"तिजोरीत. शील बी नही तोडलं."

"शाब्बास," भूपेंद्र मनापासून म्हणाला.

बुधवारी त्याने चारही निष्कर्ष सुबक टाइप करून त्यांना लॅमिनेशन केलं. मयुरीने विचारलं, "चारातला खरा कोणता?" तो म्हणाला, "ते न्यायालय ठरवेल."

गुरुवारी सकाळी रुपचंद धुळ्याहून आला. हाताने तेलकट, बोलण्याने मवाळ माणूस. त्याने गाडीघराभोवती एक चक्कर मारली आणि आपल्या जीपचा आकडा त्याला अडकवला. नाना गोठ्याकडे तोंड करून उभे राहिले. अंगणात गल्ली जमली होती. निरोपाला जमायची ती परतवणीला जमली. भूपेंद्र घराच्या ओट्यावर चढून अहवाल वाचू लागला.

मयुरीला मावशी कुठे दिसेनात. ती गाडीघरात शिरली. बेबाबाई पदर खोचून, हातात घासणी घेऊन शेगडी घासत होत्या.

"मावशी, हे काय? गाडी तर परत चाललीये."

"म्हनूनच त. कोनाचं भांडं परत देनं असलं त घासून देवा लागतं. आपल्या फोडनीचं तेल लोकाच्या घरी कशाले?"

आणि त्या घासता घासता, कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात गुणगुणू लागल्या :

"पाह्यला नाही समुद्र, राहू दे वं माझे बाई,
ज्याचं त्याले देतांनी, डाग ठेवू नाही काही."

मयुरीने दुसरी घासणी उचलली. बाहेर भूपेंद्र दिशेच्या निष्कर्षावर आला होता.

शेगडी झाली. बेबाबाई चिमणीच्या जाळीकडे वळल्या. तिच्यावर तेलाचे पिवळे थेंब वाळले होते. त्यांनी कोपऱ्यातून घासणी जोरात ओढली. कोपरा सुटला. त्यांनी नखाने धरला, ओढला, आणि जाळीवरून एक पातळ, दुधट पापुद्रा सरसरत निघाला. सापाची कात निघावी तसा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अखंड. मागे जाळीची बारीक भोकं लखलखीत उघडी पडली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मयुरीने बटण दाबलं.

घों झालं, आणि बेबाबाईंच्या खांद्यावरचा पदर आपोआप उचलला गेला. वर, चिमणीकडे. कोणीतरी हाक मारावी आणि पोरीने मान वर करावी, तसा.

बेबाबाईंनी तो पदर सोडवून पुन्हा घट्ट खोचला. कढई ठेवली, तेल ओतलं, तापू दिलं. आणि डब्यातून मिरच्या मोजून घेतल्या. बारा.

त्याच वेळी बाहेर भूपेंद्र अहवालाच्या शिखरावर पोचला होता. "सज्जनहो, या भोकातून काहीही बाहेर येत नाही, याचा मी स्वतः पुरावा आहे!" असं म्हणून तो ओट्यावरून उतरून गाडीघरापाशी आला आणि त्याने ते नाक, जे खानदेशात एकमेव होतं, भोकाला टेकवलं.

आतून चर्र असा आवाज आला.

त्यानंतर भूपेंद्रने काय पाहिलं ते तो कधी सांगू शकला नाही, कारण डोळे मिटलेले होते. तो पहिल्या शिंकेला अहवालावर बसला, तिसरीला रुपचंदच्या गळ्यात पडला. फोडणीचा धूर भोकातून ताठ, एकसुरी, कारखान्याच्या धुराड्यासारखा बाहेर येत होता. आत, ओट्यापाशी, हवा सकाळसारखी स्वच्छ होती. बेबाबाई परतत होत्या.

मयुरी तो पापुद्रा हातात घेऊन बाहेर आली. "हा होता वाटेत."

"अरे, हाई ते वरलं प्लास्टिक शे!" रुपचंद एका हाताने भूपेंद्रला सावरत ओरडला. "नाना, मी ते काढी ऱ्हायंतू. तुम्हीच सांगेल व्हतं ना, प्लास्टिकले हात लावू नको म्हनीसन!"

सगळं अंगण नानांकडे पाहू लागलं. नाना म्हशीकडे पाहू लागले. म्हशीने मान फिरवली.

"गुन्हेगार..." भूपेंद्र दोन शिंकांच्या फटीत म्हणाला, "घरातलाच... मी म्हणालो होतो."

"कधी हो?" मयुरीने विचारलं.

"मनात."

नानांनी घसा खाकरला. मग ते गाडीघरात चढले. बेबाबाई कढईवर झाकण ठेवत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. नाना बेबाबाईंच्या पलंगाशेजारच्या खिडकीपाशी गेले. काचेवर धुकट प्लास्टिक होतं. त्यांनी कोपरा नखाने उकरला. नख म्हातारं होतं, दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा कोपरा सुटला आणि पिवळी सकाळ एकदम आत आली, पलंगावर, कढईवर, बेबाबाईंच्या गालावर.

"समुद्र काय प्लास्टिकातून पाह्यशील?" नाना गुरगुरले.

बेबाबाईंनी गॅस बंद केला.

मग घाई झाली. रुपचंदने आपला आकडा काढला आणि नानांच्या जीपचा जोडून दिला. बोचकी चढली, पाण्याची टाकी भरली, कोणीतरी भाकरीचं पीठ आणलं. जीप सुरू झाली, आणि गल्ली रिवाजाप्रमाणे गाडीच्या मागे गर्दी करून उभी राहिली, नेमकी त्या बाजूला जिथे भोक होतं. चिमणी चालूच राहिली होती. कढईतल्या उरल्यासुरल्या धुराचा एक शेवटचा, जाड झोत निघाला आणि साऱ्या निरोपावर पसरला.

ताईबाई रडली. भागाबाई रडली. तीस वर्षं बांधावरून नानांशी भांडणारा सुकदेव डोळ्यांना उपरणं लावून हुंदके देऊ लागला. रुपचंद परगावचा, तोही रडला. भूपेंद्र तर आधीपासूनच रडत होता.

बेबाबाईंनी स्वच्छ काच सरकवून बाहेर डोकावलं. माणसांकडे पाहता पाहता त्यांचा चेहरा हळवा होत गेला.

"मयुरे," गाडी हलली तशी त्या खिडकीतून म्हणाल्या, "इतली माया करतात वं लोक माह्यावर. मले माहीतच नव्हतं."

मयुरीने पदराने डोळे पुसले, पुन्हा पुसले, आणि हात हलवत म्हणाली, "हो मावशी. सगळ्यांची आहे."