मथुराआत्या मारिल्या त्याची हकीकत

श्रीशारदा साह्य असे. शके एकोणीसशे अठरा, धातानाम संवत्सर, श्रावण शुद्ध नवमी, ते दिवशी ज्या हेव्यास तोंड लागले तो जैसा कानी आला तैसा लिहिला असे, येणेप्रमाणे:

कोणे एके राज्यात घरोघर दूरदर्शनाची पेटी होती आणि आठवड्यातून एक सांज सारी रयत तीपुढे बसोन एका कुटुंबाची मालिका पाहात असे. मालिकेचे लेखक भार्गवपंत सबनीस, मोठे कसबी, त्यांणी एकशेचार भाग एकहाती लिहिले. मग मालिकेच्या मालकांचे मनी आले की भागांची पुस्तके करोन छापावी, आणि ते काम त्यांणी पंतांस न सांगता वत्सलाबाई नाडकर्णी यांस सांगितले, ज्या पूर्वी पंतांचे हाताखाली संवादांच्या नकला उतरीत होत्या. पंत म्हणाले, "उतरवील बापडी!" आणि स्वस्थ राहिले. मग श्रावणात पुस्तक निघाले, आणि पंतांचे कुटुंब अनसूयाबाई, ज्यांस मालिका लागली की हटकून डुलकी येई, त्या पुस्तक घेऊन बसल्या त्या उठेनात आणि दूध उतू गेले. पंत बोलिले, "एवढे काय आहे त्यात? सगळे माझेच तर आहे." बाई पानावरची नजर न काढता वदल्या, "तुमचेच हो. पण मथुराआत्यांच्या मनात काय होतं, ते तुम्ही कधी सांगितलंच नाहीत." मथुराआत्या म्हणजे मालिकेतील विधवा आत्या; चहा आणोन ठेवी आणि "घ्या" म्हणे, याउपर तीस काम नव्हते. त्या एका "घ्या"वर वत्सलाबाईंनी तीन पाने लिहिली होती. हे ऐकोन पंतांचे अंगाचा तिळपापड जाहला. आणि मग वाणी पुसे, "आत्यांचं पुढे काय हो?" आणि न्हावीही वस्तरा थांबवोन तेच पुसे, आणि पंतांचे नायिकेचे नाव कोणी काढीना.

मग पंतांनी मनसुबा केला आणि एकशे एकतिसावे भागात आत्यांस तापाने मारिले, तेही अर्ध्या पानात. दिग्दर्शक म्हणाले, "पंत, हे एकदम कसं?" पंत म्हणाले, "तब्येत नाजूकच होती त्यांची." "कुठल्या भागात?" "मी म्हणतो ना, होती!" आणि घरी येऊन त्यांणी स्वहस्ते वत्सलाबाईंस फोन लाविला: "वत्सलाबाई, तुमच्या आत्या गेल्या. आता पुढच्या पुस्तकात काय लिहाल?" मग बाई हळूच म्हणाल्या, "गेल्या? फार त्रास झाला का हो त्यांना?" पंत म्हणाले, "ते मी लिहिलेलं नाही." "बरं," बाई म्हणाल्या, "मी लिहिते."

मग चैत्रात ते पुस्तक निघाले, आणि आत्यांचे मरण चाळीस पाने चालले. पंत चुका काढावयास लाल पेन्सिल घेऊन बैसले आणि वाचीत गेले, तो आत्या तापात कोणा ठकूस हाका मारीत होत्या, "ठके, ऊठ, उजाडलं," आणि घरातले एकमेकांस पुसत होते की ठकू कोण. आणि ते आत्यांचेच बाळपणीचे नाव होते, जे त्या घरात चाळीस वर्षे कोणी विचारिलेच नव्हते. पंतांस विचारिते तर त्यांसही ठाऊक नव्हते. मग पेन्सिल मांडीवर राहिली आणि पंत ओक्साबोक्शी रडले, आणि डोळे पुसोन पुन्हा फोन लाविला. म्हणाले, "बाई, हे मला का सुचलं नाही?" बाई म्हणाल्या, "पंत, तुम्हाला त्यांना मारायची घाई होती."

इत्यर्थ: पंतांनी उपरांत साठ भाग लिहिले, त्यात कोणास मारिले नाही. वत्सलाबाईंची सर्व पुस्तके ते पहिले दिवशी विकत आणोन वाचीत. हेवा गेला नाही. कळावे.