कैऱ्यांवरचा दगड

फुलपाड्याच्या फ्लॅटमध्ये जयवंतीबाईंना सगळं मिळालं होतं, दगड तेवढा नव्हता. अर्नाळ्याच्या घरी खारातल्या कैऱ्यांवर ठेवायला किनाऱ्यावरून आणलेला गुळगुळीत दगड होता. घर बदलताना मुलाने तो टेम्पोतून उतरवून तिथेच ठेवला. आता बरणीतल्या कैऱ्या वर तरंगत होत्या, आणि इमारतीखाली बघावं तर सगळीकडे पेव्हर ब्लॉक.

म्हणून नातीच्या टेबलाखाली जाड, वाटोळी दगडाची चकती दिसल्यावर त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्यांनी ती धुतली, कैऱ्यांवर बसवली आणि वर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला. चकतीतून केसासारखी एक तार लोंबत होती, ती बरणीच्या गळ्याला नीट गुंडाळली.

आठवड्याने क्षितिजा हॉस्टेलवरून आली. "आजी, माझं सॅम्पल कुठंय? गोल, वायर असलेलं."

"तो होय. कैऱ्यांवर ठेवलाय. लई गुनाचा दगड."

क्षितिजा बरणीकडे धावली. "अगं, त्या दगडात डोळ्यांना न दिसणारी भोकं आहेत. त्यांतल्या पाण्याचा दाब ती काचेची तार आतून जाणाऱ्या उजेडावरून सांगते. उद्या सरांना दाखवायचंय, नाहीतर माझं काम बंद."

"आतापर्यंत काय सांगितलं तारेनं?"

"काहीच नाही. कायम शून्य."

"मग मी काय बिघडवलं?"

तार तुटली नाही ना, एवढं बघायला क्षितिजाने बरणीशेजारी लॅपटॉप मांडला, तांब्या उचलला आणि तार जोडली. पडद्यावर सरळ रेघ. शून्य. तेवढ्यात कैऱ्यांनी चकती वर उचलली. जयवंतीबाईंनी सवयीने तळहाताने ती खाली दाबली.

रेघ टुणकन वर गेली.

"आजी, हात काढ."

रेघ खाली आली.

"परत दाब. हळू."

रेघ परत वर. क्षितिजा आजीच्या हाताकडे बघत राहिली. "भोकांत हवा अडकली होती गं. मी तासभरच भिजवायचे, इथे आठवडाभर भिजून ती निघाली."

"तासाभरात कैरी तरी मुरते काय?"

चकती बाहेर काढायची क्षितिजाची हिंमत होईना. दुसऱ्या दिवशी अख्खी बरणी रिक्षात बसून गेली. संध्याकाळी परत आली, तेव्हा आत चकती होती आणि तळाला थोडा खार.

"काम चालू राहणार, आजी. सर खूश आहेत."

"आन् कैऱ्या?"

"सगळ्यांनी खाल्ल्या." क्षितिजाने बरणी ओट्यावर ठेवली. "सर म्हणाले, प्रयोग तसाच्या तसा परत करून बघायला हवा. कैऱ्यांसकट."

जयवंतीबाईंनी बरणीत डोकावून बघितलं. दगड होता, कैऱ्या नव्हत्या.

"सरांना म्हनावं, मीठ मी घालीन," त्या म्हणाल्या. "कैऱ्या त्यांनी आनायच्या."