सात नंबरची पिवळी खुर्ची

मनुष्याला निसर्गाच्या सान्निध्यात राहायचे असेल, तर खडी टाकलेली सपाट जागा, विजेचा खांब आणि शेजारी ओळखीचा माणूस, या तीन गोष्टींवाचून ते शक्य नाही. कॅनडात, सस्कॅचवान प्रांतातल्या आमच्या पिंटेल तलावाच्या उद्यानात या तिन्हींची चोख व्यवस्था आहे. (निसर्गाचीही आहे. तो पाण्याच्या बाजूला ठेवला आहे.)

मे महिन्यातल्या जोडून आलेल्या सुट्टीला आमचं अख्खं गाव घरदार सोडून रानात जातं. रान गावापासून नऊ किलोमीटरवर आहे. जाताना माणूस अत्यावश्यक तेवढंच नेतो: फ्रीज, बियरसाठी दुसरा फ्रीज, गवत कापायचं यंत्र आणि पायाला माती लागू नये म्हणून बाहेर अंथरायचा गालिचा. गावात माझ्या डावीकडे हाउगन राहतात, उजवीकडे क्विरिंग. तलावावरही डावीकडे हाउगन, उजवीकडे क्विरिंग. या लोकांपासून उन्हाळाभर लांब राहिलं की माणूस कसा ताजातवाना होतो.

उद्यानाचा खरा कायदा कुठे लिहिलेला नाही. शेकोटीजवळ घडीची खुर्ची मांडली, की तिचा मालक हजर. तो अंघोळीला गेला असेल, गावात ट्रॅक्टरचा पट्टा आणायला गेला असेल, नाहीतर लेकीच्या बाळंतपणाला एडमंटनला गेला असेल. खुर्ची आहे म्हणजे तो आहे. दुसऱ्याच्या खुर्चीला कोणी हात लावत नाही. मागे एका पाहुण्याने कुणाची तरी खुर्ची सावलीत सरकवली होती. माणूस भला होता, असं त्याच्याबद्दल अजूनही बोललं जातं.

लेखी नियम मात्र वेगळा आहे. हंगामभराची जागा कुटुंबालाच मिळेल, आणि कुटुंब म्हणजे निदान दोन माणसं. बियर पिऊन बेसूर गाणाऱ्या एकट्यादुकट्या पोरांना लांब ठेवायला तो केला. (पोरं आता जोडीने येऊन गातात.)

आमच्या उद्यानात धड सावली देणारं झाड एकच, एक पॉप्लर, आणि त्याची सगळी सावली सात नंबरच्या जागेवर पडते. ही जागा मिल्टन क्विरिंग आणि त्यांची बायको ॲग्नेस यांची. ॲग्नेस मार्चमध्ये गेली. फार मायाळू बाई. गाव रडलं, मीही रडलो. दफनानंतर हॉलमध्ये सँडविच खाताना जो तो मिल्टनच्या खांद्यावर हात ठेवून विचारत होता, की यंदा तलावावर येणं जमेल का तुम्हाला. विचारण्यात निव्वळ काळजी होती. पॉप्लरबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

मिल्टन आले. आल्या आल्या त्यांनी दोन खुर्च्या मांडल्या. हिरवी स्वतःची आणि पिवळी ॲग्नेसची.

समितीला जाणं भाग पडलं. समिती म्हणजे अध्यक्ष डार्लीन हाउगन, तिचा नवरा ग्लेन आणि सचिव मी. सोबत रुबार्बचा पाय, म्हणजे आंबट देठांचं सारण भरलेला गोड केक, नेला, कारण माणसाला जागेवरून उठवायला रिकाम्या हाताने जाणं आमच्यात बरं दिसत नाही. ग्लेन म्हणाला, पाऊस हवा होता. मिल्टन म्हणाले, हवाच होता. मग ग्लेनने मांड्यांवर थाप मारली आणि "चला, निघतो आता" म्हणाला. आमच्याकडे बोलण्याला सुरुवात होते ती या वाक्याने. पुन्हा कॉफी आली. दुसऱ्या "चला"ला गव्हाचा विषय निघाला, तिसऱ्याला ग्लेनच्या गुडघ्याचा. डार्लीन आपली खुर्ची आणायला विसरली होती, त्यामुळे ती पिवळ्या खुर्चीशेजारी ताटकळत उभी होती. शेवटी तीच बोलली.

"मिल्टन, नियम आहे हो. दोन माणसं लागतात."

मिल्टननी पिवळ्या खुर्चीकडे पाहिलं. "खुर्ची मांडलीय ना?"

"मांडलीय."

"मग झालं तर."

 लेखी नियम बदलता येतो, खुर्चीचा येत नाही. सचिवाने नोंद केली: ॲग्नेस क्विरिंग, हजर.

निर्णय झाला की त्याचा लाभ सर्वांना मिळाला पाहिजे. आठवड्याभरात हाउगनांकडे ब्रेंटची खुर्ची लागली. हा त्यांचा मुलगा कॅल्गरीला असतो आणि फोन उचलत नाही. अकरा नंबरच्या बाईंनी सोडून गेलेल्या नवऱ्याची खुर्ची मांडली. (भर उन्हात.) मी वडिलांची मांडली. जुलै संपेपर्यंत उद्यानाची लोकसंख्या दुप्पट झाली, घटस्फोटाचं प्रमाण शून्यावर आलं, आणि गर्दीचा विचार करून तिसऱ्या शौचालयाला मंजुरी मिळाली.

ऑगस्टमध्ये एका दुपारी वारा सुटला. इथला वारा, त्याला अडवायला मध्ये काहीच नाही. ज्या खुर्च्यांवर माणसं होती त्या राहिल्या. बाकीच्या उडाल्या त्या थेट तलावात. नोंदीप्रमाणे पाहिलं तर निम्मं उद्यान बुडालं.

सगळे कपड्यांनिशी पाण्यात शिरले. डार्लीन कमरेएवढ्या पाण्यात ब्रेंटची खुर्ची छातीशी धरून रडत होती, आणि ग्लेन तिला सांगत होता की अगं, दुकानात दुसरी मिळते. तसं म्हणायला नको होतं, हे त्यालाही कळलं.

पिवळी खुर्ची मला लव्हाळ्यात सापडली. पार आत, चिखलात. मिल्टन काठावर उभे होते. त्यांना इथलं काही दिसत नव्हतं. सात नंबर रिकामी झाली, तर पुढचा हक्क सचिवाचा, असा समितीचा ठराव होता. (लिहिला सचिवानेच.)

"दिसली का रे, लॉयड?" मिल्टननी विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

मी थोडा वेळ वाऱ्याच्या दिशेचं निरीक्षण केलं. मग खुर्ची उपसून काठावर नेली.

मिल्टननी ती पॉप्लरखाली होती तिथेच मांडली. पाणी निथळत होतं. शेजारी हिरव्या खुर्चीत ते बसले. मग म्हणाले, "बस रे. तिला चालेल."

मी बसलो नाही. "चला, निघतो," म्हणालो आणि दिवस कलेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

सचिव लव्हाळ्यात इतका वेळ काय करत होता, असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. पण सावली कुणाला नको असते? पुढच्या हंगामात तुम्हीही या. फक्त आपली खुर्ची आणा, आणि आपल्या मागे ती रोज सकाळी कोण मांडणार आहे, तेवढं घरात एकदा बघून घ्या. आमच्या इथे वाट बघणारे बरेच आहेत.