हिलालआप्पांचा मुका फोन

हिलालआप्पा फोनवर ऐकत नसत. फक्त बोलत.

नंबर लावायचा, पडद्यावर सेकंद पळायला लागले की फोन सभेतल्या माइकसारखा तोंडासमोर धरायचा आणि जे काय सांगायचं ते सुरतेत लिंबायतमधल्या आमच्या अख्ख्या गल्लीला कळेल अशा आवाजात सांगून टाकायचं. शेवटी "मनं व्हई गयं!" म्हणजे माझं झालं. खट्. फोन बंद. पलीकडच्याचं झालं की नाही, हा प्रश्नच नाही.

मी कामगारांच्या हक्कांची पत्रकं लिहिते, वाटते, भिंतींवर चिकटवते. अशी एकतर्फी वागणूक मला सहन होत नाही. एकदा तोंडावर सांगितलं, "आप्पा, ही हुकूमशाही आहे. समोरच्यालाही बोलायचा हक्क असतो."

आप्पा माझ्या तोंडाकडे बघत शांतपणे म्हणाले, "लीडरबाई, तुना पर्चा तरी कोठे कोन आयकस?"



एक मात्र कबूल करायला हवं. समोरासमोर बसलं की आप्पांइतकं मन लावून माझं भाषण दुसऱ्या कुणी ऐकलेलं नाही. माझ्या ओठांवरून नजर हलत नाही. बाकीचे लोक मध्येच चहा मागवतात.

आप्पा मूळचे पारोळ्याकडच्या खेड्यातले. मिसरूड फुटायच्या आत सुरतेला आले आणि तेव्हापासून लूमच्या खात्यात आहेत. खातं म्हणजे आमच्याकडे मागांचा कारखाना. बायको मागेच गेली. एकुलती एक मुलगी सुनंदा शिरपूरकडे दिली आहे. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या खोलीत आप्पा एकटे राहतात, स्वतःपुरत्या भाकरी थापतात आणि त्या माझ्या आईच्या भाकरीपेक्षा बऱ्या होतात असं आईलाच ऐकवतात.

वर्षातून एक फोन मात्र ते आधी केस विंचरून करत. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. खानदेशात आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. झोका बांधायचा, आमरस करायचा, लेकीनं चार दिवस नुसतं लोळायचं. आप्पा फोन लावत आणि गर्जना करत, "आखाजीले ये वं माय! मनं व्हई गयं!"

आणि दोन वर्षं सुनंदा आली नव्हती. आप्पांनी आंबे आणले, पिकवले, शेवटी गल्लीत वाटले. मागच्या वर्षी मी सुनंदाला फोन करून जाब विचारला, तर तीच माझ्यावर उखडली. "ताई, माझ्या बापाला माझं ऐकायचंच नसतं. मी तोंड उघडते न उघडते तोच फोन आपटतो. आता मी त्यांच्याशी बोलणारच नाही." दोघंही तितकेच हट्टी. मी त्या भांडणातून बाहेर पडले.

यंदा आखाजीच्या तोंडावर आप्पांचा बटणांचा फोन मेला. दुरुस्तीवाला म्हणाला, याचे पार्ट आता येत नाहीत. माझं डोकं फिरलं. धडधाकट वस्तू आधी म्हातारी ठरवायची, मग पार्ट बंद करायचे आणि गरिबाला पुन्हा दुकानात उभं करायचं, हा राजरोस दरोडा आहे! आप्पांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हई गयं ना तुनं? मंग चाल दुकानमा."

दुकानदार भावेशभाई गोड बोलणारा गुजराती. "काका, कॅमेरा जुओ, एकदम मस्त!" आप्पांनी कॅमेऱ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांनी तो फोन खात्यातून उतरलेला कापडाचा ताका तपासावा तसा तपासला. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून घासला. काठ पाहिला. उजेडासमोर धरून धागा तुटलाय का ते बघितलं. शेवटी निकाल दिला, "गुळगुळीत शे. पोत नाही."

मग फोन बोटाचा ठसा मागू लागला. आप्पांनी अंगठा ठेवला. फोन नाही म्हणाला. दुसरा अंगठा. नाही. भावेशभाईंनी पडदा पुसला, आप्पांनी हात धुतले. तरी नाही. सुताच्या गाठी मारून मारून त्या बोटांवर ठसा म्हणून काही उरलाच नव्हता. ज्या हातांनी अर्ध्या देशाला साड्या नेसवल्या ते हात यंत्राला ओळखू येत नाहीत, यावर मी तिथेच बोलायला सुरुवात केली. आप्पा मात्र खुश दिसले. "चोर व्हतू तर कधीच धरायतू नाही," म्हणाले.

घरी आल्यावर त्या फोनचं कौतुक आणि छळ एकदमच सुरू झाला. फोन उजळला की आप्पा उठून उभे राहायचे, शेठ खात्यात शिरल्यासारखे. कुणीतरी रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवतं, याचा त्यांना पहिले दोन दिवस संकोच वाटला. नंतर कळलं, तो त्यांचा मुकादम होता. हवामान सांगणाऱ्या चौकोनावर ते फार चिडले. "सुरतमा ऊन शे. हाई माले फोन सांगी?"

पण रात्री फोनला रुमालात गुंडाळून उशाशी ठेवायचे. तेही मी पाहिलं.

मग तो आखाजीचा फोन. मी म्हटलं, आप्पा, आता चेहरा दिसतो, व्हिडिओ लावू. सुनंदा बोलणार नाही म्हणाली होती, पण बापाचं नाव व्हिडिओवर आलेलं पाहून तिनं उचललाच. पडद्यावर ती दिसली आणि आप्पांचा चेहरा असा काही उजळला की मी बाजूला सरकले.

आप्पा बोलू लागले. ओठ हलत होते, हात हलत होते, भुवया वर जात होत्या. आवाज शून्य.

"बाबा? आवाज येत नाही!" सुनंदा ओरडली. तिनं तिचा फोन हातावर आपटला. मी आमच्या फोनची सगळी बटणं दाबली. त्या गडबडीत फोनच कटला. आता मला कळायचं ते कळलं. माइकच बिघडलेला माल गळ्यात मारला! मी आप्पांना घेऊन तडक दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर भावेशभाईंना ग्राहकाचे हक्क ऐकवले.

भावेशभाईंनी फोनमध्ये "हॅलो हॅलो" म्हणून ते टेप करून आम्हाला ऐकवलं. खणखणीत. मग त्यांनीच सुनंदाला पुन्हा व्हिडिओ लावून फोन आप्पांसमोर धरला. पुन्हा तेच. ओठ, हात, भुवया.

"काका," भावेशभाई म्हणाले, "अवाज तो काढो!"

आप्पांनी दचकून आमच्याकडे पाहिलं. आपण आवाज काढत नाही आहोत, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि मग माझ्या लक्षात आलं. खात्यात शेकडो माग एकदम धडधडत असतात. तिथे कुणी आवाजानं बोलतच नाही. मागापलीकडचा चेहरा दिसला की ओठांनी आणि हातांनी बोलायचं, हीच तिथली भाषा. आप्पांना पडद्यावर चेहरा दिसला आणि ते त्या भाषेत गेले.

"आप्पा," मी हळूच विचारलं, अगदी हळू, ओठ नीट हलवून. "तुम्हाला ऐकू येत नाही?"

त्यांनी दुकानात इकडेतिकडे पाहिलं. "कान गयात मना. कोनले सांगू नको. शेठ काढी टाकी."

मी आयुष्यात प्रथमच काही लिहिण्याजोगं सापडूनही गप्प राहिले. (आप्पा गेल्याच महिन्यात काम सोडून मोकळे झाले, म्हणून आता लिहिते आहे. आणि त्या खात्यावर वेगळं पत्रक येणार आहेच.)

तिकडे सुनंदानं फोन आपटणं थांबवलं होतं. लहानपणी ती रोज दुपारी बापाचा डबा घेऊन खात्यात जायची; ती भाषा तिला येत होती. तिनं फोन कशाला तरी टेकवून ठेवला, दोन्ही हात मोकळे केले, पदर सावरला आणि ओठ हलवले. आवाज न काढता. सावकाश.

आप्पांनी हातानं विचारलं. तिनं हातानं सांगितलं. मागे खाटेवर कुणीतरी म्हातारी बाई झोपलेली दिसत होती. सुनंदानं तिच्याकडे बोट दाखवून तळवा आडवा केला. आप्पांची मान हलली. मग ती बराच वेळ बोलली, आणि आप्पा एकदाही मध्ये पडले नाहीत. भावेशभाईंनी टीव्ही बंद केला, खरं तर त्याची काही गरज नव्हती. एक गिऱ्हाईक चार्जर मागत होतं, त्याला त्यांनी हातानंच थांब म्हटलं.

मला राहवलं नाही. मी आप्पांचा दंड धरला. "काय म्हणते?"

"सासू उठत नाही तिनी. सोडीसन येता येत नाही. म्हनस, बा, तूच ये आखाजीले."

मग त्यांनी पडद्यावरची नजर न काढता, पहिल्यांदाच इतक्या खालच्या आवाजात म्हटलं, "मागला सालबी हाईच सांगे म्हने."

पडद्यावर सुनंदानं डोळे पुसले आणि काहीतरी विचारलं. आप्पांनी नवा फोन दोन्ही हातांत घट्ट धरला आणि मान डोलावली. हो, हो. येतो.