नाइट शिफ्ट बेपत्ता

उन्हाळा लागल्यापासून देवानंदच्या घरातला एकुलता एक कूलर त्याच्या बायकोकडे, शीलाकडे पाठ करून उभा होता. त्याचं तोंड काचेच्या टाकीकडे होतं आणि टाकीत दोन न्यूट ऐटीत राहत होते. न्यूट म्हणजे बेडकाच्या भावकीतला, पण दिसायला थेट पालीसारखा जीव. त्याला पाणी गारच लागतं. देवानंदने उभा जन्म भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रोलिंग मिलच्या गरमीत आणि गोंगाटात काढला. कान तिथेच गेले. रिटायर झाल्यावर निदान कुणाला तरी गारव्यात ठेवायचं, या जिद्दीने त्याने हे दोघे आणले आणि नावं ठेवली जनरल शिफ्ट आणि नाइट शिफ्ट.

शेजारचे आनंदराव रोज बजावत, "घरात पाल पाळणं बरं नाही, देवानंदभाऊ. अपशकुन असते."

"आमच्या घरी शकुन-अपशकुन चालत नाही," देवानंद छाती काढून सांगे. "अन् ती पाल नोहे. सारं वैशाली नगर आडवं आलं, तरी इथंच राहतीन ते."

शीलाला शकुनाचं नव्हे, कूलरचं दुःख होतं. तिने एकच अट घातली होती. "ज्या दिवशी एकबी टाकीच्या बाहेर दिसला, त्या दिवशी दोघंबी घराबाहेर."

"झाकण असते ना वर! कसा निघन?"

रविवारी दुपारी लाइट गेली आणि कूलर थांबला. देवानंदने झाकण काढून बर्फाची बाटली टाकीत सोडली, दुसरी आणायला गेला आणि उघड्या फ्रीजपुढे गार हवा खात जरा रेंगाळला. परत येऊन पाहतो तर जनरल शिफ्ट जागेवर, नाइट शिफ्ट गायब. त्याचे धाबे दणाणले. तो पलंगाखाली शिरला, नेमकी तेव्हाच शीला आली. मागोमाग आनंदराव, चहाला.

"खाली काय करून राहिले?"

काहीतरी सांगणं भाग होतं. देवानंदने कानातलं मशीन काढून गुपचूप खिशात घातलं. "कानातलं मशीन पडलं माझं!"

झालं. शीलाने पलंग ओढला. आनंदरावांनी सोफा उलटा केला, गादी अंगणात नेऊन झटकली, कूलरची जाळी उपसली. दोघं ओरडून काहीबाही विचारत होती आणि देवानंदला आता खरंच ऐकू येत नव्हतं. "पाय जपून ठेवा! हळू! हळू!" एवढंच तो विनवत होता. दमलेले आनंदराव शेवटी पाणी प्यायला माठाकडे गेले. माठाच्या ओल्या फडक्यावर नाइट शिफ्ट निवांत बसली होती.

"पाऽऽल!"

ही किंकाळी मशीनशिवायही पोचली. आनंदरावांनी झाडू उचलला. शीलाने तो हिसकावला आणि तिचे ओठ तावातावाने हलू लागले. देवानंदला अट आठवली, पण बायको काय म्हणते ते ऐकल्याविना त्याला राहवेना. त्याने खिशातून मशीन काढून कानात खुपसलं.

"...पाल कोणाले म्हणता? आमच्या घरचा न्यूट हाय तो! मीच काढला त्याले बाहेर! माझं घर, मी माठावर ठेवीन नाहीतर डोक्यावर घेऊन मिरवीन! तुमाले कावून तरास?"

आनंदराव चहा न घेताच गेले. शीलाने फडक्यातून नाइट शिफ्टला टाकीत सोडलं, झाकण लावलं आणि नवऱ्याच्या कानाकडे पाहिलं.

"भेटलं का मशीन?"

तेवढ्यात लाइट आली, कूलर घरघरला. शीला पलंगावर ऐसपैस आडवी झाली.

"फिरवा इकडं," ती हळूच म्हणाली.

साऱ्या वैशाली नगराला न जुमानणाऱ्या देवानंदने निमूटपणे कूलर तिच्याकडे फिरवला. मग जरा थांबून टाकीचं चाकाचं टेबलही ढकलत ढकलत पलंगाच्या पायथ्याशी आणलं.

शीलाने ते पाहिलं. तिने पाय थोडे आखडून घेतले, टाकीला वारा लागावा म्हणून.